कॅलेंडरवरचे लाल ठिपके

लग्नानंतर पहिल्यांदा दिल्लीला आले तेव्हा मला हिंदी येत नव्हती, अक्षरं मात्र ओळखीची होती. मथुरा मागे पडली आणि रुळांच्या कडेच्या भिंती बोलायला लागल्या. पांढऱ्या चुन्यावर निळ्या रंगात हातहातभर अक्षरं. मी खिडकीला नाक लावून मोठ्यानं वाचत सुटले, "मर्दाना कमज़ोरी... शादी से पहले, शादी के बाद... निराश रोगी मिलें." मग नवऱ्याकडे वळून विचारलं, "अहो, हे निराश रोगी कोण? पुढारी आहेत का? प्रत्येक भिंतीवर यांचंच नाव."

समोरच्या बाकावरचे फौजी हसून लोटपोट. नवऱ्याचे कान लाल.

"गप बस. वाचू नकोस."

मला वाटलं, बायको भरभर वाचते याचा त्याला राग आला. म्हणून पुढची भिंत आणखी मोठ्यानं वाचली. वय एकोणीस आणि अक्कल नऊ वर्षांची.

ती पोरगी मला आठवली की हसू येतं. पण तिला माफ करता येतं. माफ करता येत नाही ती चौपन्न वर्षांची बाई. तिची ही गोष्ट. आज मी बासष्टची आहे, तेव्हा फार जुनी नाही.

नवरा सुभेदार म्हणून निवृत्त झाला. मुलाची नोकरी गुडगावात, म्हणून आम्हीही इथेच फ्लॅटमध्ये राहिलो. गावी साताऱ्याकडे परत जायचं नुसतं बोलणंच राहिलं. नवऱ्याला मानेसरच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझरची नोकरी लागली. सकाळी कंपनीची बस, दिवसभर खुर्ची, संध्याकाळी दोन पेग, जेवण, झोप. पोट पुढे आलं. रक्तात साखर निघाली, ती निघाली तेव्हाच म्हणे बरीच जुनी होती. तंबाखू तर भरतीच्या आधीपासूनची.

आणि आमच्यातलं ते थांबलं. आधी क्वचित झालं, मग "दमलोय" झालं, मग भिंतीकडे तोंड. मला वाटलं, मानेसरला कुणीतरी आहे. वर्षभर मी त्याचे शर्ट धुण्याआधी हुंगत होते. मशीनचं तेल आणि तंबाखू, याशिवाय कसलाही वास नाही. एवढ्या वासावर पोलिसांचं कुत्रंही परत गेलं असतं, मी नाही.

शेवटी त्यानंच सांगितलं. संध्याकाळी तो बाल्कनीत स्टुलावर बसायचा आणि तळहातावर तंबाखू घेऊन हात माझ्यापुढे करायचा. चुन्याची डबी माझ्याकडे. मी नखानं चुना काढून त्याच्या तळव्यावर ठेवायची, मग तो मळायचा. लग्नापासूनचा रिवाज. बदली कुठेही होवो, तळहात आणि डबी बरोबर. त्या दिवशी हात पुढे केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "अगं, माझ्यानं होत नाही आता. तुझ्यात काही कमी नाही. माझंच."

मी इतकी गांगरले की चुना दुप्पट ठेवला. बिचाऱ्याचं तोंड भाजलं. एवढं धाडस करून बोललेल्या माणसाला मी हे उत्तर दिलं.

डॉक्टरकडे मीच ओढून नेलं. साखरेचाच डॉक्टर, तरुण, नीट बोलणारा. नवरा खुर्चीत सावधान होऊन बसला होता. डॉक्टरनं हिंदीत समजावलं. साखर आणि तंबाखू दोन्हींनी नसा खराब होतात, रक्त पोचायला हवं तिथे पोचत नाही. तंबाखू बंद. दारू जवळजवळ बंद. रोज भराभर चालायचं, पोट उतरवायचं, झोप पुरी करायची, साखर ताब्यात ठेवायची. काही महिने लागतील. काहींना फरक पडतो, काहींना थोडाच पडतो, वचन देत नाही. गोळीही आहे, पण हृदय तपासून, विचारून. आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणाला, "आंटी जी, एक बात. इसे इम्तिहान मत बनाइए. आप दोनों बस पास-पास रहिए."

मी पिशवीतून वही काढून सगळं लिहून घेतलं होतं. हे शेवटचं वाक्य सोडून. ते मला औषधासारखं वाटलंच नाही.

घरी आल्यावर मी मोहीमच उघडली. फौजीची बायको, पस्तीस वर्षं हुकूम ऐकण्यात गेली, आता द्यायची पाळी माझी. करोल बागच्या बाजारात जाऊन त्याला चालायचे बूट घेतले. रमची बाटली मुलाच्या कपाटात कुलपात. भात अर्धा, भाजी दुप्पट, रात्री मोबाईल माझ्या उशीखाली. तंबाखूची पुडी मी स्वतः केराच्या डब्यात टाकली. चुन्याची डबी मात्र टाकवेना, ती मिसळणाच्या डब्यामागे ठेवली.

नवरा हुकमाचा पक्का. सकाळी घाम पुसत दारात उभा राहायचा. "चार किलोमीटर. तंबाखू शून्य. साखर अजून मोजायचीय, साब."

"विश्राम," मी म्हणायची. आम्ही दोघंही हसायचो. तेवढे दिवस बरे होते.

पण फरक पडतोय की नाही, हे कळायला नको? घरात मुलगा, सून, नात. खुणेची काहीतरी सोय हवी. रविवारी त्याला सुट्टी, म्हणून मी शनिवार ठरवला. स्वयंपाकघरातल्या मराठी कॅलेंडरवर दर शनिवारी कुंकवाचा ठिपका दिला. ठिपका त्यालाही दाखवून ठेवला. समजूतदार माणसानं डोकं हलवलं.

दुसऱ्याच शनिवारी सुनेनं माझ्यापुढे साबुदाण्याची खिचडी ठेवली.

"आई, तुम्ही शनिवार धरलात, सांगितलं नाही? मी कॅलेंडरवर बघितलं."

"हो. मारुतीचा."

"पण मारुतीचा तर मंगळवार असतो ना?" ती दिल्लीत वाढलेली.

"इकडे मंगळवार. आपल्याकडे शनिवार."

म्हणजे ज्या दिवशी नवऱ्यानं माझ्याकडे वळावं म्हणून मी ठिपका दिला, त्या दिवशी मला दिवसभर उपास. तेही देवांतल्या सगळ्यात कडक ब्रह्मचाऱ्याच्या नावानं. मारुतीनं वरून बघून काय म्हटलं असेल, ते तोच जाणे. संध्याकाळी मी पावडर लावून, नवा गाऊन घालून बसायची, पोटात गॅस घेऊन. नवरा कंपनीच्या बसमधून उतरून स्वयंपाकघरात पाणी प्यायला यायचा. नजर कॅलेंडरवर जायची आणि खांदे पडायचे. गार्ड इन्स्पेक्शनच्या आधी जवानाचे पडतात तसे. कुठल्याही शनिवारी काही व्हायचं नाही. तो "सॉरी" म्हणायचा. नवऱ्यानं बायकोला इंग्रजीत सॉरी म्हणावं, इतके आम्ही लांबचे झालो होतो. आणि मी काय म्हणायची? "पुढच्या शनिवारी बघू."

साखर उतरली. पोट उतरलं. जुनी पँट कमरेला सैल झाली. चौथा महिना असेल. एका बुधवारी संध्याकाळी तो बाल्कनीत स्टुलावर बसला होता, मी मेथी निवडत होते. त्यानं सवयीनं तळहात माझ्यापुढे केला. तंबाखू नव्हतीच. रिकामा हात. मला वाटलं आता मागे घेईल, पण त्यानं घेतला नाही. तसाच ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. खूप दिवसांनी नीट बघितलं. मग दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाला, "आत चल ना जरा. पोरं बाहेर गेलीत."

आणि ती चौपन्न वर्षांची हुशार बाई काय म्हणाली? तिनं हात सोडवून घेतला, मेथीची जुडी हलवली आणि म्हणाली, "आज बुधवार. शनिवारपर्यंत दम धरा. डॉक्टरनं झोप पुरी करायला सांगितलीय."

मी लाडानं म्हटलं होतं. खरंच लाडानं. वाटलं, हसेल, म्हणेल, "जो हुकूम." तो हसलाही. तळहात मिटला, गुडघ्यावर ठेवला आणि समोरच्या टॉवरकडे बघत राहिला. माझी मेथी निवडून झाली तेव्हा मला कळायला लागलं आणि मी म्हटलं, "चला ना." तो म्हणाला, "राहू दे. थकलोय."

त्या शनिवारी त्यानं कारखान्यात रात्रीची जादा ड्युटी मागून घेतली. पुढच्याही. मग शनिवारची रात्रपाळी कायमचीच झाली. मी ठिपके द्यायचं थांबवणार होते, पण सुनेनं विचारलं असतं, उपास का सोडलात. काय सांगणार होते? पुढच्या तपासणीला डॉक्टर रिपोर्ट बघून खूश झाला आणि गोळीचं बोलला. नवरा ताठ बसून म्हणाला, "ज़रूरत नहीं है, डॉक्टर साहब. सब ठीक है." माझ्याकडे बघितलं नाही. घरी आल्यावर म्हणाला, सकाळी लवकर उठतो, तुझी झोपमोड होते. आणि हॉलमधल्या दिवाणावर उशी नेली.

मी बोलून पाहिलं. एकदा रडूनही पाहिलं. "अगं, माझा तुझ्यावर राग नाही," म्हणाला. खरं होतं. राग असता तर बरं होतं, राग उतरतो.

नोकरी संपली आता. तो रोज सहा किलोमीटर चालतो, एकटा. माझे गुडघे त्याच्याबरोबर टिकत नाहीत. तंबाखूला हात लावलेला नाही. सोसायटीतले लोक मला म्हणतात, अंकल तो एकदम फिट हैं. हो, एकदम फिट. परवा मिसळणाच्या डब्यामागून चुन्याची डबी काढली. चुना वाळून दगड झालाय, नख लागत नाही. परत ठेवून दिली.

या जानेवारीत नवं कॅलेंडर आलं. नात आता नऊ वर्षांची. ती स्टुलावर चढून लाल स्केचपेननं ठिपके द्यायला लागली, सगळ्या वर्षाचे एकदम. "आजी, सॅटरडेच ना? सगळे करते, मग तुला भूलायला नको."

आजोबा फिरून आले होते. तिनं पडू नये म्हणून त्यांनी स्टूल धरलं. महिना संपला की पान उलटून देत होते. एका शनिवारी तिचा हात चुकला, तर म्हणाले, "नीट बघ, बाळा. एकही सोडू नकोस. आजीचा उपास मोडेल."

सगळे ठिपके झाले. तो दिवस शनिवारच होता. सुनेनं खिचडी पुढे ठेवली आणि मी खाल्ली.