शेवळांसोबत पसाभर काकडं

शेलूला आमच्या वसाहतीच्या पार्किंगमध्ये दर रविवारी सकाळी सात ते साडेदहा शेतकरी बाजार भरतो. पोशीरचे तांदूळवाले दादा, कळंबकडून काकडी-दुधी आणणारे दोघे भाऊ, एक अंडीवाली, आणि सगळ्यात शेवटी पाण्याच्या टाकीच्या सावलीत, डोंगरातल्या वाडीवरून टेंपोने येणारी मावशी. तिच्या टोपलीत फक्त रानातल्या भाज्या असतात.

मी मूळची सांगलीकडची. मेथी, वांगी, गवार यांच्या पलीकडेही एवढ्या भाज्या असतात हे मला इथे येऊन कळलं. नोकरी खालापूरकडच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत. बावीस वर्षं वजनं-मापं करते आहे. त्यामुळे भाजीसुद्धा मी आकड्यांत विचारते. किती मिनिटं उकडायची, किती पाण्यात, किती दिवस टिकते. उत्तरं एका वहीत लिहून ठेवते. एकतीस रानभाज्या झाल्या आहेत आणि त्या वहीचा मला अभिमान आहे. तरी मागच्या वर्षी तिच्यातल्या एका ओळीमुळे मावशीची जागा जायची वेळ आली.

जून नुकताच लागला होता. मावशीसमोर जांभळट तपकिरी रंगाच्या, मिटलेल्या कळ्यांसारख्या लांब कोंबांच्या जुड्या होत्या.

“हे काय गं मावशी?”

“शेवळं. खाल्ली हाईत कधी?”

“नाही.”

“मग आधी ऐक, मग घे. वरचं पान सोलून टाक. आत दांडा ऱ्हातो, त्याचा खालचा पिवळा दाणेदार भाग कापून फेक. बाकीचं बारीक चिर, तेलावर परत. काकडं ठेच, बिया काढ, रस घालून शिजव. रस कमी पडला तर घसा धरंल.”

काकडं म्हणजे आवळ्याहून लहान, हिरवी, आंबट फळं. मावशी ती शेवळांसोबत फुकटच देते.

“किती काकडं?”

“पसाभर.”

“पसाभर म्हणजे किती?”

तिने दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. मी म्हटलं, तुझी ओंजळ वेगळी, माझी वेगळी.

शेजारून तांदूळवाले दादा म्हणाले, “मावशे, ताई कारखान्यात हाईत. त्यांना आकडा सांग, नायतर हितंच बसतील संध्याकाळपावतर.”

“मग मोज बाय,” असं म्हणून तिने ओंजळ माझ्या पिशवीत रिकामी केली. मी मोजली. चौदा.

निघताना ती म्हणाली, “शिजली का थेंबभर वठाला लाव. चुरचुरलं तर अजून रस घाल.” मी मान डोलावली. वहीत ते लिहिलं नाही, कारण त्यात आकडा नव्हता.

सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, घालून केलेली ती भाजी अप्रतिम झाली. रानातलं काही पुढ्यात आलं की नाक मुरडणाऱ्या माझ्या नवऱ्याने ताट पुसून घेतलं. मी हरखून गेले आणि कृती सात ओळींत वसाहतीच्या ग्रुपवर टाकली. तिसरी ओळ होती: एका जुडीला १४ काकडं.

पुढच्या रविवारी मी कारखान्यात पाळीला होते. बाजारात काय झालं ते दादांनी नंतर सांगितलं. अकरा घरांनी शेवळं घेतली. मावशी प्रत्येकाला पसाभर काकडं द्यायची आणि लोक त्यातली चौदा मोजून बाकीची टोपलीत परत टाकायचे. “ती म्हनत व्हती, घ्या वो, ऱ्हाउंद्या जास्तीची. तर येकानं फोन काढून दावला तिला. म्हनं, चौदाच लिवलंय.”

त्या आठवड्यातली काकडं बोरांएवढी होती. चौदा काकडांत निम्मासुद्धा रस नव्हता.

तीन घरांत घसे धरले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना दोन दिवस धड गिळता येईना. बुधवारी सेक्रेटरींचा निरोप ग्रुपवर आला: टाकीपाशी बसणारी बाई यापुढे बाजारात बसणार नाही.

ही जागा गेली तर मावशीला नेरळच्या रस्त्याकडेला, उन्हात, रिक्षांच्या मागे बसावं लागलं असतं. इथे तिची टोपली साडेनऊला रिकामी होते. तिथे दुपार होते आणि निम्मी भाजी सुकून जाते, हे तिनेच मला सांगितलं होतं.

मी वही घेऊन सेक्रेटरींकडे गेले आणि चौदाचा आकडा माझा, हे सांगितलं. ते भले गृहस्थ आहेत, पण म्हणाले, “चूक तुमची की तिची, हे लोकांना कसं पटवणार?”

“रविवारी सगळ्यांसमोर भाजी करू. तिच्या हाताने.”

एक संधी मिळाली. दादांनी टेंपोवाल्याकरवी वाडीवर निरोप धाडला.

रविवारी मी टाकीपाशी टेबलावर शेगडी, कढई आणि माझा वजनकाटा मांडला. मावशी आली. कोणाला काही विनवलं नाही. काटा तेवढा बाजूला सरकवला आणि शेवळं सोलायला बसली.

मी उभी राहून म्हटलं, “चौदा हा आकडा माझा. मावशीने पसाभर सांगितलं होतं, आणि ओठाला लावून बघायला सांगितलं होतं. ते मी लिहिलं नाही.”

मागून कुणीतरी म्हणालं, “लॅबमध्ये असंच चालतं का हो?” लोक हसले. मी त्यांना हसू दिलं. प्रश्न रास्त होता.

भाजी शिजली. मावशीने चमच्याने थेंब ओठाला लावला, थांबली, आणखी रस ओतला. पुन्हा लावला, पुन्हा ओतला. तिसऱ्या वेळी मान हलवली आणि चमचा थेट काकांपुढे धरला. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी आधी खाल्ली, मग त्यांनी. घसा धरतो का ते बघायला मी घड्याळ लावून दहा मिनिटं थांबले. काकांनी सहाव्या मिनिटालाच वाटी पुढे केली होती.

“बसू दे तिला,” सेक्रेटरी म्हणाले.

“बसंन मी,” मावशी म्हणाली. “पन आता माजं येक हाय. शेवळं न्यायची तर कशी करनार ते हितं सांगायचं. न चुकता.”

काकाच पहिले पुढे झाले. जुडी पिशवीत टाकून त्यांनी शाळेतल्यासारखं सांगायला सुरुवात केली. सोलणं झालं, चिरणं झालं, रस झाला, ओठाला लावणंसुद्धा झालं.

“आनि पिवळा भाग?”

काकांनी जीभ चावली. मावशीने वाकून त्यांच्या पिशवीतून जुडी काढली आणि टोपलीत परत ठेवली.

“अहो मावशी, आता लक्षात राहील की.”

“पुढल्या रविवारी ये. घसा तुजा, पन नाव माजं जातं.”

तोवर मी तिच्या बाजूने बोलत होते, तिला सांभाळून घेते आहे अशा थाटात. जुडी टोपलीत परत गेली तेव्हा लक्षात आलं की तिची ती जागा मावशी स्वतःच राखून होती. मला तिचा फार अभिमान वाटला. काका पुढच्या रविवारी सगळं पाठ करून आले आणि जुडी घेऊन गेले.

वहीत तिसरी ओळ खोडली आहे. तिथे आता ‘पसाभर’ आहे, आणि खाली ओठाचं लिहिलं आहे. यंदाही मावशी टाकीच्या सावलीतच बसते. दर वेळी मलाही विचारते, ओळख म्हणून सूट नाही. दोन मोसमांत मी नऊ जुड्या घेतल्या. एकही परत गेलेली नाही.