कोराडीतलं समुद्रफूल

दिवाळीला माझा भाऊ रत्नागिरीहून आमच्या कोराडीच्या क्वार्टरमध्ये आला, तो समुद्राचं पाणी घेऊन. मी दारातच कपाळावर हात मारला. बहिणीकडे येताना माणूस फणसपोळी आणतो, कोकमं आणतो. यानं प्लास्टिकचे मोठे डबे खाऱ्या पाण्यानं भरले होते आणि एसटी, मग रेल्वे, मग पुन्हा बस असं करत ते ओढत आणले होते. शिवाय मांडीवर एक रुंद तोंडाची बरणी. तिच्यात खडकाचा तुकडा, दोन पट्ट्यापट्ट्यांचे मासे, शंखात राहणारा एक खेकडा, थोड्या गोगलगायी आणि खडकाला चिकटलेलं एक तपकिरी समुद्रफूल.

"भावोजींनीच मागवलं," तो म्हणाला. मी नवऱ्याकडे बघितलं. तो लग्नातसुद्धा एवढा खूश दिसला नव्हता.

माझं सगळं बालपण त्या खडकांवर गेलेलं. ओहोटी लागली की आम्ही पोरं समुद्रफुलांच्या पोटात बोटं घालायचो, ती मिटली की खिदळायचो. त्याचं कुणाला कौतुक असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. नवरा नरखेडकडचा, संत्र्यांच्या बागांतला. त्यानं समुद्र पहिल्यांदा बघितला तो मला बघायला आला तेव्हा, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी त्यानं माझ्यापेक्षा समुद्रच जास्त बघितला. इथल्या वीज केंद्रात पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत तो नोकरीला होता. दिवसभर पाणी तपासून पोट भरत नव्हतं म्हणून की काय, आता घरातही पाणी.

बर्डीच्या बाजारातून त्यानं काचेची पेटी करून आणली. तळाशी भोकांची प्लास्टिकची जाळी, तिच्यावर शिंपल्यांचा चुरा आणि वाळू. हवेचा पंप घरघरायला लागला की पाणी वाळूतून खाली ओढलं जायचं आणि घाण वाळूत अडकायची. दर रविवारी काहीतरी सुधारणा चालायची. कधी वर ट्यूबलाइट, कधी खडकाची जागा बदल, कधी थर्मामीटर. खडकावर बटणांएवढे हिरवट जीव होते, ते ट्यूबलाइट लागल्यावर उमलायला लागले. हे मात्र मी तोंडात बोट घालून बघत बसले. राखेनं भरलेल्या कोराडीत, समुद्रापासून इतक्या लांब, माझ्या माहेरच्या खडकाचा तुकडा जिवंत होता.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात सासरे गेले होते आणि सासूबाईंना आम्ही गावाहून आमच्याकडे आणलं होतं. गावी धाकटा दीर होता, पण बिनलग्नाचा आणि दिवसभर बागेत. सासूबाई एकट्या घरात स्वयंपाकच करेनाशा झाल्या होत्या. एकदा विहिरीजवळ चक्कर येऊन पडल्या आणि शेजारणीला दिसल्या म्हणून वाचल्या. नवऱ्यानं तेव्हाच ठरवलं, आईला परत पाठवायचं नाही. पण त्यांचं गाठोडं काही सुटत नव्हतं. रोज सकाळी चहा झाला की त्या म्हणायच्या, "मले गावाले पोचवून दे न गा. इथं काय करू मी?" परत गेल्या तर त्या फार दिवस काढणार नाहीत, हे आम्हा दोघांना स्पष्ट दिसत होतं.

त्यांना थांबवलं ते आम्ही नाही, आमच्या दोन वर्षांच्या मुलीनंही नाही. त्या समुद्रफुलानं थांबवलं.

एके दिवशी नवरा चिमट्यानं त्याला सुक्या जवळ्याचा दाणा भरवत होता. फुलानं तो पकडला आणि हळूहळू मिटून घेतला. सासूबाई दोन पावलं मागे सरकल्या. "हे फूल होय का जनावर होय?" त्यांनी विचारलं. नवऱ्यानं समजावलं. दुसऱ्या दिवशी त्याच विचारायला आल्या, याला कधी देता खायला. आणि आठवडाभरात, आयुष्यात मासळीला हात न लावलेली माझी सासू जवळ्याचा डबा उघडून, नाकाला पदर लावून, त्या फुलाला भरवायला लागली. मी थक्क. मी एक दिवस बोंबील आणले तर देवघरापर्यंत उदबत्ती फिरवणारी ही बाई! मी चिडवलंसुद्धा, "आई, त्याला चालतं, मग मला का नाही?" त्या म्हणाल्या, "तुले चूल आहे, हात आहे. ते लेकरू कुठं जाईन मागाले?"

मग गाठोडं सुटलं. लुगडी कपाटात गेली. गावाला पोचवून दे हे वाक्य बंद झालं. नवरा मला हळूच म्हणाला, "हे फूल जगलं पाहिजे." मी हसले नाही, कारण तो बरोबर बोलत होता.

उन्हाळा आला आणि आमच्या जिवाला घोर लागला. कोराडीचं ऊन, त्यात राखेचे वारे. नवऱ्यानं पेटी कूलरच्या झोतात आणली, बाहेरून ओली फडकी गुंडाळली. पाणी गार राहायला लागलं, पण भराभर उडायलाही लागलं. त्यानं काचेवर माझ्या नेलपॉलिशनं रेघ ओढली आणि आईला नि मला समजावलं, "पाणी उडते, मीठ नाही उडत. म्हणून रेघेच्या खाली गेलं का गोडं पाणी टाकाचं, खारं नाही." त्यासाठी तो साहेबांना विचारून प्रयोगशाळेतलं क्षार काढलेलं पाणी डब्यातून आणायचा. त्या डब्यातलंच का, हे सांगायचं मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही. त्याला ते इतकं उघड होतं.

मे महिन्यात वीज केंद्रातला एक वीजनिर्मिती संच दुरुस्तीला काढला आणि नवरा सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. पेटीतलं पाणी रोज रेघेला टेकलेलं दिसायचं. मला वाटायचं, डब्यातलं पाणी तो भरतो. त्याला वाटायचं, मी भरते.

पहिल्यांदा गोगलगायी काचेवरून गळून पडल्या. मग एका सकाळी खेकडा शंख सोडून उघडाच बाहेर पडलेला दिसला. आमच्या खडकांवर मी हजार खेकडे बघितले असतील, पण आपलं घर टाकून असा नागडा मरून पडलेला कधीच नाही. बटणांएवढे जीव मिटले ते उमललेच नाहीत. समुद्रफूल आक्रसलं, त्याच्या तोंडातून शेंबडासारखं काहीतरी यायला लागलं. मासे मात्र काहीच न झाल्यासारखे फिरत होते.

सासूबाईंनी जेवण सोडलं. "लेकरू खात नाही तं मी काय खाऊ," म्हणाल्या. ही नुसती पेटीची गोष्ट नाही, हे नवऱ्याला माझ्याहून जास्त कळत होतं.

त्यानं मीठ तपासलं, ठीक. उष्णता ठीक. शेवटी बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत नेलं. संध्याकाळी आला तो चप्पल न काढता खुर्चीत बसला. "पाण्यात तांबं आहे," तो म्हणाला. वीज केंद्रात नळ्या झिजतात म्हणून पाण्यातलं तांबं रोज तपासतात, त्यामुळे त्यात चूक होणं शक्य नव्हतं. आणि या जीवांना तांब्याइतकं वाईट दुसरं काही नाही. आम्ही पंप उघडला, वायरी तपासल्या, वाळू चाळली. घरात तांबं येणार कुठून, मला काही सुचेना. रोज डोळ्यांसमोर होतं, तरी सुचेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीला दूध पाजत होते. नवरा ड्यूटीवर जायला निघाला होता. सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या, कमरेवर त्यांची कळशी. गावाहून आणलेली, चिंचेनं घासून लखलखीत केलेली तांब्याची कळशी. त्यांनी पेटीवरची काच सरकवली, पदराचं टोक गाळणीसारखं धरलं आणि बारीक धारेनं पाणी सोडायला लागल्या. "पे रे राजा, पे," असं काहीतरी पुटपुटत होत्या.

नवरा आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो.

"आई," तो म्हणाला, "हे काय करून राहिली तू?"

"काहून? तूच तं सांगतलं, गोडं पाणी टाकाचं. तुह्या डब्यातलं कवाचंच संपलं. अन् होतं तेही शिळं, प्लास्टिकचा वास मारे. हे रातभर तांब्यात ठेवलेलं आहे. डबा सरला तवापासून हेच टाकते, अन् ते आजारी पडलं तवापासून दिवसातून दोनदा, रेघ पाहून."

त्यानं समजावलं. ओरडला नाही, हे मी त्याच्या बाजूनं सांगते. पण समजावलं ते प्रयोगशाळेतल्या माणसासारखं. "आई, तांबं पाण्यात उतरते. मोठ्याईले काही नाही होत, मासे पाह्य, चांगले फिरून राहिले. पण लहान जीवाले ते बाधते. लहान जीव मरते त्यानं."

सासूबाईंनी कळशी खाली ठेवली.

"लहान जीवाले," त्या म्हणाल्या.

"हो."

त्यांनी पेटीवरची काच परत सरकवली. मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "मंग त्या दोघाईलेही मी हेच पाणी पाजलं होतं न?"

माझ्या नवऱ्याच्या आधी सासूबाईंना दोन मुलं झाली होती आणि पाळण्यातच गेली होती, एवढं मला लग्नात कुणीतरी कानात सांगितलं होतं. सासूबाईंच्या तोंडून त्यांचा उल्लेख मी कधी ऐकला नव्हता.

नवऱ्यानं ताबडतोब नाही म्हणायला हवं होतं. पण तो थांबला. विचार करायला थांबला! तेवढं थांबणं त्यांनी बघितलं. त्या एका क्षणाचा मला आजही संताप येतो, आणि तो खोटं बोलणाऱ्यातला नव्हता हेही मला माहीत आहे. मग तो भानावर आला. त्यानं कळशीत पेला बुडवला आणि गटागटा पाणी प्यायला. पुन्हा बुडवला, पुन्हा प्यायला. शर्टावर पाणी सांडलं. "हे पाह्य आई, काही होत नाही. त्याईले तापानं नेलं. मी याच पाण्यावर वाढलो."

"तू मोठा आहे गा आता," त्या म्हणाल्या.

हे सगळं तिथल्या तिथे मिटवायचं म्हणून मी मुलीच्या वाटीत त्याच कळशीतलं पाणी ओतलं आणि तिच्या तोंडाला लावलं. सासूबाई इतक्या जोरात पुढे आल्या की मी घाबरले. त्यांनी वाटी हिसकावली, पाणी फरशीवर गेलं, मुलगी रडायला लागली. त्यांनी तिला घट्ट छातीशी धरलं आणि पदरानं तिचे ओठ पुसत राहिल्या, पुन्हा पुन्हा, ओठ लाल होईपर्यंत.

समुद्रफूल दोन दिवसांनी गेलं. नवऱ्यानं सासूबाईंना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनीही सांगितलं, आजी, तसं काही नसतं. त्यांनी मान हलवली. गावाला जायचं मात्र पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत. शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिल्या, नातीचं सगळं केलं, भरवलं, न्हाऊ घातलं, शाळेत सोडलं. घरात स्टीलचं पिंप आलं. पण त्यातलंही पाणी त्यांनी स्वतःच्या हातानं तिला कधी दिलं नाही. पिंप हाताशी असायचं, मी बाहेर धुणं वाळत घालत असायची, तरी त्या दारात येऊन मला हाक मारायच्या, "सूनबाई, पोरीले तहान लागली वं." मी ओले हात पदराला पुसत आत यायची आणि तिला पाणी द्यायची.