मेश्रामबाईंचा नाश्ता

मेश्रामबाई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी त्याच्या ताटाकडे. नागपूरजवळच्या हिंगण्याच्या औषध-चाचणी केंद्रात मी रुजू झाले, त्या पहिल्याच सकाळी चहा मिळतो का बघायला खाली स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर लोणी लावून भाजलेले ब्रेडचे तुकडे ओळीनं मांडलेले होते. त्यातला कडेचा एक मी सहज उचलला. बाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला, वजनकाट्यावर ठेवला, आकडा बघितला आणि मग कुठे माझ्याकडे पाहिलं.

"हे खायचं नाही, मॅडम. हे औषधाचं आहे," त्या म्हणाल्या. "भूक लागली असन तर माझ्या डब्यातली भाकर घ्या."

मला वाटलं, बाई नव्या पोरीची गंमत करताहेत. आठवडाभरात कळलं, की त्या अगदी खरं बोलत होत्या. आमच्या केंद्रात धडधाकट माणसं स्वयंसेवक म्हणून येत, त्यांना एखादं औषध दिलं जाई आणि ठरलेल्या वेळांना त्यांचं रक्त घेऊन औषध त्यात किती उतरलं ते मोजलं जाई. मोजण्याचं यंत्र वरच्या मजल्यावर होतं आणि ते माझ्या ताब्यात होतं. पण काही औषधं पोटात काय आहे त्यावर आपलं वागणं बदलतात. म्हणून निम्म्या चाचण्या उपाशीपोटी होत आणि निम्म्या ठरलेला तुपकट नाश्ता देऊन: लोण्यातला ब्रेड, तळलेले बटाटे, पनीरचे पकोडे, साईसकट दूध. प्रत्येकाच्या ताटात तेच, तेवढंच, आणि अर्ध्या तासात ताट रिकामं. तो नाश्ता मेश्रामबाई करायच्या. समोर उभं राहून तो संपवून घेणं आणि कागदावर 'पूर्ण' लिहून सही करणं, हेही त्यांचंच काम होतं.

उंच, काटक बाई. पन्नाशी ओलांडलेली. उत्तर नागपुरातून दोन बस बदलून सर्वांच्या आधी पोचायच्या. त्यांच्या आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि आपल्या स्वभावाचं कारण त्या तिथपर्यंत नेऊन पोचवायच्या. म्हणायच्या, "तेव्हापासून आमच्या घरी कोणी सांगितलं म्हणून काही मानत नाही. विचारते, पटलं तर मानते." त्यामुळे 'काहून?' हा त्यांचा आवडता शब्द. काहून इतकंच लोणी? काहून अर्धाच तास? आमच्या केंद्रात मोठमोठ्या पदव्या घेतलेली माणसं होती, पण मला इतके सरळ प्रश्न दुसऱ्या कोणी विचारले नाहीत. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. आजही एखादा आकडा पटला नाही, की मनात पहिला शब्द तोच येतो.

मी सांगणार आहे ती गोष्ट कॅनाबिडिओलच्या चाचणीची. आम्ही त्याला सीबीडी म्हणायचो, बाई 'ते भांगेचं औषध' म्हणायच्या. भांगेच्या झाडातलंच ते द्रव्य, पण त्यानं नशा चढत नाही; काही प्रकारच्या फिट्सवर डॉक्टर ते देतात. बाईंच्या गल्लीत ही बातमी पोचली आणि शेजारच्या बायका विचारू लागल्या, की तुम्ही तिथं भांगेचे पकोडे तळता का. बाई शांतपणे सांगत, की पकोडे पनीरचेच आहेत आणि भांगेचं काम वरच्या मजल्यावर चालतं.

चाचणी तीन रूपांची होती: जिभेखाली धरायचे तेलाचे थेंब, तेल भरलेली मऊ कॅप्सूल आणि पाण्यात मिसळणारी एक नवी पूड. त्याच मोजक्या माणसांना ही तिन्ही रूपं काही आठवड्यांच्या अंतरानं द्यायची, एकदा उपाशीपोटी आणि एकदा नाश्त्यानंतर. पूड कंपनीची नवी होती आणि ती तेलापेक्षा सरस ठरावी अशी त्यांची इच्छा होती. त्यात गैर काही नव्हतं. स्वतःच्या मालाबद्दल कोणालाही तसंच वाटतं.

यात नाश्त्याचा काय संबंध, हे बाईंनी मला विचारलं. मी सांगितलं, की हे द्रव्य पाण्याशी फटकून राहतं आणि तेलात रमतं. उपाशीपोटी घेतलं तर बरंचसं आतड्यातून तसंच पुढे निघून जातं. जे शोषलं जातं ते आधी यकृतात जातं आणि तिथं त्यातलं बहुतेक मोडून पडतं. जिभेखालचे थेंबसुद्धा लाळेबरोबर गिळलेच जातात, त्यामुळे त्यांचीही तीच गत. पण पोटात स्निग्ध अन्न असलं की पित्त सुटतं, औषध त्या स्निग्धतेत मिसळतं, आणि त्यातलं काही यकृताला वळसा घालून वेगळ्या वाटेनं रक्तात पोचतं. उपाशी माणसाच्या कितीतरी पट. पुडीचे कण मुळातच इतके बारीक केलेले, की त्यांना नाश्त्याची फारशी वाट बघावी लागत नाही.

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तर्रीसारखं. तिखटाचा रंग पाण्यात टाकला तर फिकाच राहते, तेलात टाकला का लालजर्द वर येते."

एवढं नेमकं मला माझ्या प्राध्यापकांनीही सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून त्या मला मॅडम म्हणायच्या थांबल्या, स्मिता म्हणू लागल्या.

उपाशीपोटीच्या फेऱ्या अपेक्षेप्रमाणे झाल्या. पूड लवकर आणि बऱ्यापैकी चढली, तेल रेंगाळलं. मग नाश्त्याच्या फेऱ्या आल्या आणि तेलाचे आकडे बघता बघता वर गेले. सगळ्यांचे गेले, फक्त भाऊरावांचे गेले नाहीत.

भाऊराव हे बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत काम करणारे, चाळिशीतले गृहस्थ. कमी बोलणारे. आमच्याकडे येण्याचं त्यांचं कारण इतरांपेक्षा वेगळं होतं. त्यांच्या धाकट्या बहिणीला लहानपणापासून फिट्स येत, आणि हे औषध त्यासाठीच आहे असं कळल्यावर ते रजा टाकून आले होते. नाश्त्यानंतर तेलाचे थेंब घेतले त्या सकाळच्या त्यांच्या रक्तात औषध इतकं कमी होतं, जणू ते उपाशीच आले होते. मी यंत्र तपासलं. नमुने पुन्हा लावले, दुसऱ्या दिवशी आणखी एकदा लावले. आकडा तोच.

मी आमच्या प्रमुखांकडे गेले. ते म्हणाले, शरीरं सारखी नसतात, एखादा असा निघतोच. जसं आलं तसं ठेवा. बोलणं चुकीचं नव्हतं. शरीरं खरंच सारखी नसतात. पण त्या एका आकड्यानं कंपनीला म्हणायला एक वाक्य मिळत होतं, की तेलाचा भरवसा नाही, खाऊनपिऊन घेतलं तरी कोणाला लागू पडतं आणि कोणाला नाही. ते वाक्य अहवालाच्या कच्च्या मसुद्यात आलंसुद्धा होतं.

मी नाश्त्याचा कागद काढून बघितला. भाऊरावांच्या नावापुढे 'पूर्ण' होतं आणि खाली मेश्रामबाईंची ठसठशीत सही. ती सही बघून माझी शंकाच मिटायला हवी होती. तरी मी खाली गेले. बाई बटाटे सोलत होत्या. मी घुटमळत विचारलं, की त्या दिवशी भाऊरावांच्या बाबतीत काही वेगळं झालं होतं का.

त्यांनी सुरी खाली ठेवली.

"त्यानं खाल्लं नाही," त्या म्हणाल्या. "अर्धं दूध पेला अन् लोणी खरडून एक ब्रेड. बाकी मी काढून घेतलं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्या सकाळी भाऊरावांना लोण्याचा वासच सहन होईना. दोन घासांतच डोळ्यांत पाणी आलं. हात जोडून म्हणाले, ताई, जबरदस्ती केली तर उलटी होईल, आणि उलटी झाली तर मला घरी पाठवतील. बहिणीसाठी आलोय, एवढी फेरी पूर्ण होऊ द्या. बाईंनी इतक्या वर्षांत असं कोणाचं ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. ताट उचललं आणि 'पूर्ण' लिहिलं.

"एका माणसानं काय होते, असं वाटलं मले," त्या म्हणाल्या. "तुले वर तो इतका साफ दिसन हे नाही वाटलं."

मी काही बोलायच्या आत त्यांनी हात धुतले, ॲप्रन काढून खुंटीला लावला आणि जिना चढायला लागल्या. मी मागोमाग गेले. प्रमुखांसमोर त्यांनी तेच सगळं, त्याच आवाजात, पुन्हा सांगितलं. प्रमुख दार लोटून घेऊन म्हणाले, की झालं ते झालं, आता हे बाहेर काढलं तर त्रास तुम्हालाच होईल, नोकरीवरसुद्धा येऊ शकतं. मला वाटतं, त्यांना बाईंची काळजीही होती. फक्त तेवढीच नव्हती.

"त्रास मलेच व्हायला पाहिजे ना साहेब," बाई म्हणाल्या. "सही माही आहे. हा कागद पाहून उद्या कोणी डॉक्टर ठरवन, का तेल खाऊन घेतलं तरी चढत नाही. मंग तो थेंब वाढवन. ज्याले वाढवन त्याचं काय?"

प्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प होते, हे इथं लिहिलंच पाहिजे. मला नोकरीत जेमतेम वर्ष झालं होतं. बाई माझ्याकडे वळल्यासुद्धा नाहीत. त्या माझ्या भरवशावर वर आल्याच नव्हत्या. ते लक्षात आलं आणि मग मात्र मला बोलता आलं. मी म्हटलं, आकड्याचं कारण आता मला माहीत आहे, ते लिहिल्याशिवाय मी त्या पानावर सही करू शकत नाही.

त्या दुपारी बाईंनी स्वतःच्या हातानं घडलेला प्रकार लिहून दिला. भाऊरावांचा त्या फेरीचा आकडा कारणासकट हिशोबातून वगळला गेला आणि नियमानुसार त्यांना चाचणीतून बाहेर पडावं लागलं. मसुद्यातलं ते वाक्य गेलं. शेवटी अहवाल सरळ आला: उपाशीपोटी पूड तेलाच्या पुढे, तुपकट नाश्त्यानंतर तेल आणि कॅप्सूल इतके वर येतात, की फरक पुष्कळसा कमी होतो. पुडीचं कौतुक होतंच त्यात, कंपनीला हवं होतं तेवढं नव्हतं. पुढचं काम त्यांनी आम्हाला दिलं नाही.

बाईंना लेखी ताकीद मिळाली आणि तीन महिने त्यांच्या प्रत्येक कागदावर दुसऱ्या कोणाची तरी सही लागेल असं ठरलं. ते काम मी मागून घेतलं. बाईंना अपमान वाटेल अशी मला धास्ती होती. पहिल्याच दिवशी त्यांनी मला स्टूल दिलं आणि म्हणाल्या, "बस इथं. अन् सही देताना माझ्याकडे पाहू नको, ताटाकडे पाह." त्या तीन महिन्यांत मी जेवढं शिकले तेवढं वर यंत्रापाशी शिकले नाही.

याच काळात एका रविवारी त्या बुटीबोरीला निघाल्या. भाऊरावांना केंद्रानं फोनवर कळवलं होतं, पण बाईंचं म्हणणं, केंद्राचं सांगून झालं, माझं बाकी आहे. मी म्हटलं, हे नियमात बसत नाही. त्या म्हणाल्या, नाश्ता करता करता त्यानंच पत्ता सांगितला होता, आणि मी केंद्राच्या गाडीनं नाही, बसनं चालली. मग मीही गेले.

दोन खोल्यांचं घर. भाऊरावांनी या म्हटलं, पण चेहरा बंद होता. बाईंनी पाणीही न घेता सांगितलं, की तुमच्यासाठी म्हणून मी खोटं लिहिलं आणि मग खरं काय ते सांगून टाकलं. त्यात तुम्ही बाहेर गेले. चूक तुमची नाही, माझी आहे.

भाऊराव जमिनीकडे बघत म्हणाले, "ताई, तुम्ही नसतं सांगितलं तर कोणाले समजलं असतं?"

"कोणालेच नसतं समजलं," बाई म्हणाल्या. "अन् तुमच्या बहिणीसारख्याच कोणाले तरी जास्तीचं औषध गेलं असतं."

आतून बहीण चहा घेऊन आली. लता तिचं नाव, तिशीची असेल. ती दाराआडून सगळं ऐकत होती. चहा ठेवून तिनं फळीवरची एक छोटी बाटली आणली आणि बाईंच्या हातात दिली. डॉक्टरांनी मध्यंतरी लिहून दिलेलं तेच तेल. ती रोज घेत होती. कधी उठल्याबरोबर, कधी जेवल्यावर, आठवण येईल तेव्हा. कधी औषध लागू पडतंय असं वाटे, कधी काहीच नाही.

"हे उपाशी घ्यायचं, का जेवून?" तिनं विचारलं. "मले कोणी सांगितलंच नाही."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी डॉक्टर नाही, थेंब किती ते मी सांगणार नाही. पण घ्याल ते रोज एकाच पद्धतीनं घ्या, आज उपाशी आणि उद्या जेवून असं करू नका. आणि आजवर कसं घेतलंत ते डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. भाऊरावांनी एक कागद काढला आणि लिहून घेतलं. लिहून झाल्यावर त्यांनी उठून बाईंना पाणी दिलं. बाईंनी ते घेतलं.

परतीच्या बसमध्ये बाई खिडकीशी बसल्या होत्या. मी धीर करून विचारलं, की उद्या पुन्हा असा कोणी समोर बसला, घास उतरत नाही म्हणून रडायला लागला, तर काय कराल.

त्यांनी विचार केला. कोणताही प्रश्न त्या असाच, खरोखरीचा घेत.

"दया करीन," त्या म्हणाल्या. "ते काही माझ्यानं सुटणार नाही. पण मंग कागदावर लिहीन, का दया केली."