अक्कांची बिनआईची शिवी

"ब्लडी!" म्हणायचं आणि पदर कमरेला खोचायचा, हे अक्का एकाच दमात करायच्या. पंप बंद पडला, ब्लडी. बैल बसला, ब्लडी. तोंडाळ माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण ऐंशीच्या दशकात, रावेरच्या केळीच्या मळ्यात, नऊवारीतली विधवा बाई? शब्द नवऱ्याचा. मिलिटरीतून तो एक ट्रंक आणि ही शिवी घेऊन परतला होता.

मी शेजारीण, शाळेतली नवी इंग्रजीची बाई. भाजीवालीलाही व्याकरण शिकवीन असा तोरा! एकदा अक्कांनी मला ओट्यावर गाठलं.

"मास्तरीनबाई, ब्लडीचा अर्थ सांग. तिच्यात कोनाची माय-बहीन नाही ना?"

"नाही अक्का. ब्लड म्हणजे रक्त."

इथं थांबले असते तर ती मी कसली! जाडा शब्दकोश मांडीवर घेऊन सुरू झाले. कोणी म्हणतात, येशूच्या आईच्या, 'बाय अवर लेडी' या शपथेचा हा अपभ्रंश. कोणी म्हणतात, बड्या घरच्या उनाड पोरांना 'ब्लड' म्हणत, त्यावरून आला. विलायतेतले सभ्य लोक तो छापतसुद्धा नसत. (आता माझी नातवंडं याहून जहाल बोलतात आणि मला सोयीनं ऐकू येत नाही.)

अक्कांचा चेहरा पडला. "म्हंजे मायच निंघाली का?"

"नक्की कोणालाच माहीत नाही. शपथेची गोष्ट बहुतेक मागाहून जोडलेली."

"मंग मी रगतच धरते. मले रोज बाप्यांशी भांडा लागतं. त्याइच्या समद्या शिव्या बायांवर. त्या मी तोंडात कशा घेऊ?"

मी शब्दकोश मिटला.

त्याच उन्हाळ्यात एका रविवारी मी केळफूल आणायला मळ्यात गेले होते. अक्कांचे घड कापून बांधावर पडलेले, आणि व्यापाऱ्याचा मुकादम ते न्यायला आलेला ट्रक एका बड्या शेतकऱ्याकडे वळवत होता. कापलेली केळी उन्हात राहिली की वर्षाची मेहनत काळी पडते. अक्का ट्रकपुढे जाऊन उभ्या राहिल्या. मुकादमानं त्यांना आईवरून शिवी हासडली.

"अक्का, चला," मी घाबरून म्हटलं.

"तू सरक, मास्तरीन." मग त्याच्याकडे वळून, "भाऊ, माह्या मायनं तुहं काय केलं? ते तं मरून गेली. मी उभी हाये, मले बोल. ब्लडी, गाडी इथंच भरंन!"

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि उतरून मागचा फाळका उघडला. मुकादम घड घ्यायला वर चढला.

अक्का जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मला दिसतात त्या ट्रकपाशीच. लुगड्यावर चिकाचे काळे डाग. खांद्यावरचा घड वर उभ्या मुकादमाच्या हाती देत म्हणताहेत, "हळू ठेव, भाऊ. मार लागंन त्याले."