आप्पांचा हिरडा, बिब्बा आणि तेल

वैद्याकडे काम केलं की अंगाला वास चिकटतो आणि डोक्यात किस्से साठतात. वास निदान अंघोळीनं जातो! मी चौथीनंतर शाळा सोडली आणि सोलापुरात आप्पांच्या औषधशाळेत कुटायला, कढवायला लागलो. चारचौघांत बोलायला लाजतो, म्हणून लिहितो.

तेव्हा आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. मुलगा शिवा गिरणीच्या ऑफिसात कारकून. त्यानं बजावलं होतं, "आप्पा, एक जरी औषध बिघडलं तरी दुकानाला कुलूप घालणार. कुणाचा जीव गेला तर?" त्याचं काही खोटं नव्हतं.

*

पहिल्या दिवशी मला अडुळशाचा रस काढायला बसवलं. पानं वाटली, फडक्यातून पिळली, थेंब नाही! आप्पांनी तीच पानं वडाच्या पानांत गुंडाळली, वर माती लिंपली आणि गोळा निखाऱ्यांत ठेवला. माती लाल झाल्यावर फोडून पिळलं, तर हिरवी धार! मी बघतच राहिलो.

"पान कंजूष नसतंय रे," आप्पा म्हणाले. "थंड हातानं मागितलं तर कोण देईल?"

*

तालमीतला धोंडिबा एकदा बिब्ब्याच्या पोत्याजवळ टेकला. "असलं मी चण्यागत खातो की!" म्हणाला आणि आम्ही हां हां म्हणेपर्यंत एक दातानं फोडलासुद्धा. दुसऱ्या दिवशी ओठ पुरीसारखे टम्म!

तेच बिब्बे आम्ही विटेच्या चुऱ्यात घोळून त्यांचं तेल उतरवलं, मग दुधात शिजवले. थंडीत धोंडिबाचा गुडघा धरला, तेव्हा आप्पांनी ते त्यालाच खायला दिले. अंगावर पुरळसुद्धा आलं नाही, आणि गुडघा वाकायला लागला! तेव्हापासून तो दुकानात शिरला की पहिला रामराम पोत्याला, मग आप्पांना.

*

गुळवेल पाण्यात कुस्करून ठेवली की तळाशी पांढरं सत्त्व बसतं. एकदा शिवाच्या बायकोनं ते पातेलं घासून टाकलं. आप्पांनी तळाला बोट फिरवलं.

"सूनबाई, भांडं लख्ख केलंस. औषध त्याहून लख्ख!"

*

मग मास्तरीणबाई तणतणत आल्या. "पोट साफ व्हायला हिरडा नेला, आणि यांचं तर होतं तेही बंद झालं!"

रविवार म्हणून घरी असलेला शिवा उठलाच. "झालं! बिघडलं औषध!"

आप्पांनी शांतपणे विचारलं, "बाई, पूड करून दिली का?"

"पुडीनं यांना ठसका लागतो, म्हणून अख्खाच वाफवून दिला. हिरडा तो हिरडाच की!"

"अय्यय्यो! पूड केली की दार उघडतो, वाफवला की बंद करतो. तुम्ही कुलूपच घातलंत की!"

शिवा खाली बसला. पण त्या दिवसापासून त्याचं लक्ष वाढलं.

*

शेजारच्या मल्लय्या विणकराचा खांदा आखडला होता. धोटा फेकता येईना. त्याच्यासाठी आप्पांनी तेल कढवायला घेतलं. कच्चं राहिलं तर आंबतं, करपलं तर वाया जातं. शिवा हाताची घडी घालून उभा राहिला.

"रंग दिसत नाही, फेस दिसत नाही. कसं कळणार, आप्पा? हे बिघडलं तर उद्यापासून दुकान बंद."

"बरं," आप्पा म्हणाले. मग मला म्हणाले, "जा, बोळातले माग थांबव."

आमच्या बोळात दिवसभर मागांची खटखट. मी मधोमध उभा राहिलो, घसा खाकरला, पण आवाजच फुटेना. शेवटी मल्लय्याच त्याच्या तेलुगूत गरजला, "आपंडि!" एकेक करत सगळे माग थांबले.

आप्पांनी तेलातल्या गाळाची वात वळायला लावली. ती मी दिव्यावर धरली. चर्रर्र!

"पाणी हाय अजून."

थोड्या वेळानं दुसरी. चर्र.

मग तिसरी. बोळात इतकी शांतता, की दाराशी बांधलेल्या शेळीचा रवंथ ऐकू येत होता. वात जळत राहिली.

"ऐकलंस, शिवा?"

"काहीच ऐकू आलं नाही, आप्पा."

"मग उभा काय राहिलास?"

शिवानं घडी सोडली, फडकं घेतलं आणि पातेलं आपल्या हातांनी खाली उतरवलं.

आप्पा माझ्याकडे वळले. "जा, बोळाला सांग, आता हवा तेवढा दंगा करा!"