बाईचा देश

माझ्या शोधनिबंधाचा तिसरा विषयही सरांनी परत पाठवला, तेव्हा मला पौडला नांदायला येऊन आठ महिने झाले होते. मी पुण्यात वाढले, तिथंच कायदा शिकले आणि पुढच्या पदवीसाठी आंतरराष्ट्रीय कायदा घेतला. लेखी परीक्षा लग्नाआधी झाली होती. राहिला होता फक्त शोधनिबंध. तो मी सासरी बसून लिहीन असं लग्नाच्या बोलणीतच सांगितलं होतं आणि सासरच्यांनी ते कौतुकानं मान्यही केलं होतं.

पहिला विषय मी कळवला तो समुद्रावर देशाची हद्द कुठवर, याचा. सरांनी समासात लिहिलं की हा विषय नव्हे, हे ग्रंथालयातलं एक अख्खं कपाट आहे. दुसरा होता परक्या वकिलातीत आसरा घेणाऱ्या माणसाचा. त्यावर पुष्कळांनी लिहून ठेवलंय आणि नवं काही लिहायचं तर त्याची कागदपत्रं पुण्यात मिळणार नाहीत, असं उत्तर आलं. तिसरा दोन देशांतून वाहणाऱ्या नद्यांचा. याची मला खात्री होती. मुळशीचं धरण जवळच, पाणी कुणाचं हा वाद तालुक्यातल्या प्रत्येकाला तोंडपाठ. पण त्यावरही पोस्टकार्ड आलं. "विषय आहे, प्रश्न कुठे आहे? ज्याचं उत्तर तुम्हाला आज ठाऊक नाही, असा एकच प्रश्न लिहून पाठवा. महिनाअखेरपर्यंत."

ते कार्ड मी चुलीशेजारच्या फळीवर ठेवलं आणि दिवसातून चार वेळा वाचू लागले.

माझे यजमान रस्तेखात्यात ओव्हरसियर होते. ताम्हिणीच्या घाटात काम चालू होतं, ते शनिवारी येत आणि रविवारी संध्याकाळी परत जात. घरात मी, आत्याबाई म्हणजे सासूबाई, आणि मामंजी. मामंजी मूळचे रिह्याच्या खोऱ्यातले, शेतकऱ्याघरचे. कचेरीत कारकुनी करून ते निवृत्त झाले होते आणि आता ओसरीवर बसून लोकांचे अर्ज लिहून देत. आलेल्या प्रत्येकाला ते सांगत, आमची सून वकील हाय. आत्याबाई माझ्या ताटात दोनदा तूप वाढत.

मला कुणी कधी जाऊ नको म्हटलं नाही. म्हणत ते 'आज नको'. आज ओढ्याला पाणी आहे. आज अमावस्या आहे. आज सोबतीला कुणी नाही आणि एकटी बाई पुण्याला कशी धाडायची. आठ महिन्यांत मी दोनदा ग्रंथालयात पोचले, तेही मामंजींबरोबर. ते बाहेरच्या बाकावर छत्री धरून बसले होते आणि दर अर्ध्या तासानं दारातून डोकावत होते. पुढे मला दिवस गेले आणि कारणं सांगायचीही गरज उरली नाही. त्या खडबडीत रस्त्यानं एस.टी. नको, एवढं पुरे होतं. यजमानांना विचारलं की ते म्हणत, जा ना, मी कुठं अडवतोय. आणि रविवारी संध्याकाळी निघून जात.

भांडायला कुणी असतं तर बरं झालं असतं. माझ्याजवळ पाच पुस्तकं होती, ती मी इतक्यांदा वाचली की कुठल्या पानावर कुठली तळटीप आहे ते डोळे मिटून सांगितलं असतं. तांदूळ निवडताना मनात विषय मांडायचे आणि खड्याबरोबर तेही बाजूला काढायचे. स्टँड घरापासून जवळ होता. हॉर्न ऐकला की मला कळायचं, साडेनवाची गेली, अडीचची गेली.

असं चाललं असताना एका सकाळी मामंजींनी मला ओसरीवर हाक मारली. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. बाहेर गेले तर दोघी बाया बसलेल्या. एक म्हातारी, बाजारपेठेत कंदील आणि पेट्रोमॅक्स दुरुस्त करणाऱ्या चाचांची बायको. चाचा दोन महिन्यांपूर्वी वारले होते. शेजारी तिची लेक, माझ्याच वयाची. अर्ज इंग्रजीत करायचा होता आणि मामंजींचं इंग्रजी कचेरीतल्या ठरावीक चार वाक्यांपलीकडं जात नव्हतं.

लेकीनं फडक्यात गुंडाळलेला पासपोर्ट माझ्या हातात दिला. तो पाकिस्तानचा होता. पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं, नवरा मुंबईत गोदीत कामाला होता, फाळणीनंतर भावांच्या मागोमाग कराचीला गेला आणि पुढं तिलाही नेलं. बाप आजारी आहे असं पत्र गेलं म्हणून ती तीन महिन्यांच्या परवान्यावर आली. आली त्या आठवड्यात बाप गेला. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, घरात दुसरं कुणी नाही. परवान्याचे पंधरा दिवस उरले होते.

मी तिला विचारलं, पाकिस्तानचं नागरिकत्व तुम्ही स्वतः मागितलं होतं का.

"सही त्यांनी केली," ती म्हणाली. "मी निस्ता फोटू दिला."

"मग तुम्हाला कुणी विचारलं नाही?"

तिनं आईकडं पाहिलं. प्रश्नच तिला चमत्कारिक वाटला असावा. मामंजी मध्येच म्हणाले की त्यात इचारायचं काय, नवऱ्याचा देश तोच बायकूचा. म्हातारीनं मान डोलावली. माझ्या पाचांपैकी चार पुस्तकांतही तेच लिहिलेलं होतं. पण ही पौडात जन्मलेली. हिला कुणी न विचारता हिचा देश बदलू शकतो का? आपली राज्यघटना काय म्हणेल, बाकीचे देश काय म्हणतील? मला उत्तर येत नव्हतं.

मी अर्ज लिहिला, मुदत वाढवून मागितली. त्या बाया गेल्यावर आत येऊन पीठ मळायला बसले, आणि मळता मळता लक्षात आलं की सरांनी मागितलं होतं ते हेच. हात धुतले आणि कोऱ्या पोस्टकार्डावर सरांना दोन ओळी लिहिल्या. 'केवळ लग्नामुळं स्त्रीचं नागरिकत्व बदलतं का? तिची संमती न घेता?' आठवड्यानं उत्तर आलं. विषय मंजूर, पण ग्रंथालयात बसल्याशिवाय एक पानही लिहू नका.

मंजुरीचा आनंद मला दुपारपर्यंत पुरला. ग्रंथालय तर पुण्यात होतं.

मग मी एक गोष्ट केली, जी मला आजही पुरती सरळ वाटत नाही. मामंजींना सांगितलं की अर्ज टपालानं गेलाय तेवढ्यानं भागायचं नाही. त्याची नक्कल पुण्याला पोलिसांच्या कार्यालयात समक्ष द्यायला हवी, तिथं इंग्रजीत विचारतील, आणि ती पोर एकटी काय सांगणार. यातलं काही खोटं नव्हतं. पण मी सांगत होते ते तिच्यासाठी की माझ्यासाठी, हे माझं मला ठाऊक होतं. मामंजींचे गुडघे तेव्हा फार दुखत. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले आणि म्हणाले, "दोघी जावा. गाडीत फुडं बसा, धक्के लागत न्हाईत. पर अंधाराच्या आत घरी."

साडेनवाच्या गाडीनं आम्ही निघालो. कार्यालयातल्या माणसानं अर्ज दोनदा वाचला, मला तुम्ही कोण म्हणून विचारलं आणि दोन महिन्यांची वाढ दिली. शिक्का उमटला तसा तिनं पदर तोंडाला लावला. दुपारचे बारा वाजले होते. मी तिला म्हटलं, मला दोन-तीन तास ग्रंथालयात काम आहे. ती बरं म्हणाली. तिच्याकडं ग्रंथालयाचं कार्ड नव्हतं, तिला आत घेईनात, म्हणून ती मामंजी बसायचे त्याच बाकावर बसली. मी आत वेड्यासारखी उतरवून घेत होते. दर अर्ध्या तासानं आता मीच दारातून डोकावत होते, आणि ती दर वेळी हातानं खूण करायची, असू दे.

परतीच्या गाडीत पिरंगुटच्या पुढं तिनं विचारलं, "वहिनी, माज्यावानी बाईचं काय लिवलंय त्यात?"

मी जमेल तसं सांगितलं. बहुतेक देश बायकोला नवऱ्याच्या मागं धाडतात. अलीकडे देशादेशांत एक करार झालाय की लग्न झालं म्हणून आपोआप बाईचं नागरिकत्व बदलू नये. पण फाळणीनं दोहीकडं झालेल्या घरांना त्याचा उपयोग किती, हे मला अजून सापडलेलं नाही. तिला इथंच कायम राहायचं असेल तर वेगळा अर्ज करावा लागेल, आणि तो मंजूर होईलच असं नाही.

"कायमचं ऱ्हायचंय असं बी न्हाई," ती म्हणाली. "त्यांना सोडायचं न्हाई, आन् आम्माला बी न्हाई. मला निस्तं येता-जाता यावं."

मी उतरवून आणलेल्या वीस पानांत अशा मागणीसाठी शब्दच नव्हता. नवरा सोडायचा नाही, घर सोडायचं नाही, फक्त येता-जाता यावं. मी खिडकीकडं तोंड फिरवलं, कारण मला रडू येत होतं आणि ते तिच्यासाठी नव्हतं.

दोन महिन्यांनी मुदत पुन्हा वाढवून मागायला दुसरा अर्ज केला, तो नामंजूर झाला. ती कराचीला परत गेली. आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन तेवढ्यात करून घेतलं होतं. नंतर चाची तिची पत्रं मामंजींकडं वाचायला आणायची आणि तिकडची थंडी, तिकडची महागाई ऐकून उठून जायची. चार वर्षांनी चाची वारली. लेकीला यायला परवाना मिळाला नाही.

मला मुलगी झाली. तिला मांडीवर घेऊन मी लिहीत असे आणि पुण्याच्या फेऱ्या पुन्हा 'आज नको'वर आल्या. शोधनिबंध पुरा व्हायला जवळजवळ तीन वर्षं लागली. त्यात एका पानावर मी चाचीच्या लेकीचं उदाहरण दिलं होतं. गाव नाही, नाव नाही, नुसतं 'एक विवाहित स्त्री'.

तोंडी परीक्षेला सर आणि बाहेरगावचे एक परीक्षक होते. बाहेरच्यांनी ते पान उघडून विचारलं, हे उदाहरण काल्पनिक आहे ना? चाची तेव्हा हयात होती. तिच्या दाराशी कुणी चौकशीला जाऊ नये असं मला वाटलं. एवढंच कारण होतं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे ती विवाहित स्त्री कोण, मला कुठं भेटली आणि त्या दिवशी बाकावर कुणासाठी बसून राहिली, हे त्या टेबलासमोर सांगायचं धैर्य मला झालं नाही. मी हो म्हणाले. त्यांनी पान उलटलं आणि पुढचा प्रश्न विचारला.