शालनकाकूंचं अर्धं वाक्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळत नाही.

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. मी सुप्याला कंपनीत कामाला. मागच्या निवडणुकीत सरपंचपदाला दोघंच उभे होते — माझे चुलते, आणि शेजारच्या शालनकाकू. लहानपणी आई दवाखान्यात होती, तेव्हा दोन महिने मी याच काकूंच्या चुलीपाशी जेवलोय.

काकू मारुतीच्या पारावर बोलल्या, "गायरान कंपनीला देऊन टाकू, आसं समोरचे म्हनत्यात. मी जिती हाय तवर देऊ देनार न्हाई." मी ते मोबाईलवर घेतलं.

आणि मग — कसं सांगू? — पहिले चार शब्द ठेवले, बाकीचं कापलं. जेवणाच्या सुट्टीत, डबा खाता खाता. दुसऱ्या सिमवरून गावाच्या ग्रुपवर टाकलं. चुलत्यांनी सांगितलं होतं का? नाही. त्यांना माहीतही नव्हतं.

चारच्या चहाला दुसऱ्या गावच्या एकानं मलाच ती क्लिप दाखवली. खाली लिहिलेलं — काकूंनी कागदावर सह्याही केल्या. हे मी लिहिलं नव्हतं. मग कुणी? घरी आलो तर आई म्हणाली, "शालननं गाव इकलं." माझी आई. तिलाही खरं वाटलं?

सकाळी काकूंच्या दारावर कुणीतरी शेण फेकलेलं. काकू तशाच आमच्याकडे आल्या. "तुला मोबाईलमधलं कळतं. मी आसं बोलले न्हाई रे. सगळं भाषन कुनाकडं तरी आसल. तेवढं हुडकून दे."

ते माझ्या खिशात होतं.

"बघतो काकू," मी म्हणालो. त्या गेल्यावर पुसून टाकलं.

काकू पडल्या. गुलाल मीही लावून घेतला. पुढं बायका त्यांच्याशी बोलेनात, तशा त्या कोपरगावला लेकीकडे राहायला निघाल्या. टेम्पोत सामान चढवून झाल्यावर आईला भेटायला आल्या. मी दारातच उभा होतो.

"पोरानं लई शोधलं गं," त्या आईला म्हणाल्या, "पन त्याला न्हाई घावलं."

मी मान हलवली.